‘अनट्रू’ ऐकणारे : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, क्रॉयडन

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. दक्षिण लंडनमधील आम्हा काही मराठी मंडळींचा महिन्यातून एकदा एकत्र बसून संगीत ऐकण्याचा परिपाठ आहे. डिसेंबरच्या बैठकीसाठी चाळीस मिनिटांचा श्राव्य लेख तयार करण्याचे काम मी मागून घेतले आहे. विषय आहे बेरिअल या टोपणनावाने काम करणाऱ्या निर्मात्याचा ‘अनट्रू’ हा अल्बम आणि तो ऐकणाऱ्यांना त्यात काय ऐकू येते, हा प्रश्न. अल्बम ५ नोव्हेंबर २००७ रोजी हायपरडब या लंडनच्या लेबलने प्रसिद्ध केला. त्यात तेरा रचना असून सगळा मिळून सुमारे पन्नास मिनिटांचा ऐवज आहे. समीक्षकांनी त्यावर पुष्कळ लिहिले असले, तरी मला समीक्षा लिहायची नाही. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही आणि ज्यांचे तारुण्यच या संगीतात गेले, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना मला बोलते करायचे आहे.

हा विषय घेण्याचे आणखी एक कारण म्हणजे मी राहतो ते गाव. मी ज्या सरी स्ट्रीटच्या बाजारातून भेंडी आणि कोथिंबीर आणतो, त्याच रस्त्यावर बिग ॲपल रेकॉर्ड्स नावाचे तबकड्यांचे दुकान होते. हॅचा हा डीजे तिथे कामाला होता आणि पुढे निर्माते म्हणून नाव कमावलेली स्क्रीम, बेंगा ही तेव्हाची शाळकरी पोरे तिथेच घुटमळत असत. ‘अनट्रू’ ज्या परंपरेतून आला, त्या डबस्टेप या खोल बेसच्या नृत्यसंगीताची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत या दुकानाचे नाव अग्रभागी घेतले जाते. दुकान २००४ मध्ये बंद झाले. नऊ वर्षे मी त्या रस्त्याने ये-जा करतो आहे आणि हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, याची मला खरोखर खंत वाटते.

१३ ऑक्टोबर

पहिली बैठक माझ्या घरी झाली आणि ती फसली. पाच जण आले होते. मी पुस्तकांच्या मांडणीवरच्या दोन लहान स्पीकरांवर अल्बम सलग लावला. दोघांनी पंधरा मिनिटांत प्रामाणिकपणे सांगितले, की स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखी खरखर त्यांना ऐकू येत आहे. एकीने विचारले, “यात नाचण्यासारखे काय आहे?”

चूक माझी होती आणि माझा व्यवसाय पाहता ती व्हायला नको होती. मी श्रवणतज्ज्ञ आहे. रुग्णाची श्रवणचाचणी घेताना आम्ही साधारण २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यातील स्वर ऐकवतो, कारण बोलणे कळण्यासाठी तो पट्टा महत्त्वाचा असतो. डबस्टेपचा सगळा जीव मात्र त्याच्या कितीतरी खाली, ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. माझे स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणजे मी लोकांना इमारतीचा वरचा मजला दाखवून घराबद्दल मत विचारत होतो. ब्रिक्स्टनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या डीएमझेड या नृत्यरात्रींच्या पत्रकावर बेसच्या वजनावर ध्यान लावण्याचे निमंत्रण छापलेले असे. ‘वजन’ हा शब्द आपल्याकडे ठेक्यासाठी वापरतात, तो इथे अक्षरशः लागू पडतो, कारण हा स्वर कानापेक्षा छातीला आणि पोटाला आधी कळतो. ज्याने गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरांच्या भिंतीशेजारी उभे राहून बरगड्यांची थरथर अनुभवली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की डबस्टेपच्या त्या पहिल्या खोल्यांमध्ये हा बेस कर्कश नसे. तो अंधारात, सावकाश आणि भरपूर मोकळी जागा राखून येत असे.

ठरवले की पुढची बैठक चांगल्या सबवूफरसह आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा जागी घ्यायची.

२० ऑक्टोबर

सभागृह मिळाले, दुपारी तीन तासांसाठी. सबवूफर एका मित्राकडून आणला.

२७ ऑक्टोबर

आजच्या बैठकीने माझे गृहीतकच उलटे केले आणि म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

तुलनेसाठी आधी मी डिजिटल मिस्टिक्स या डबस्टेप-निर्मात्यांच्या जोडीच्या काही जुन्या रचना लावल्या. त्यांचा परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. मिनिटाला सुमारे १४० मात्रांची गती असूनही स्नेअर ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवरच पडत असल्यामुळे लय निम्मी, म्हणजे सत्तरची भासते. मागच्या वेळी नाचण्याबद्दल विचारणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच रचनेला खुर्ची मागे सारली आणि उभ्या राहून डोलू लागल्या. त्यानंतर मी ‘अनट्रू’ लावला. मला वाटले होते, की आता खालचा मजला उघडल्यावर सर्वांना तो आवडेल. प्रत्यक्षात सभागृहात त्याची जादू कमी झाली. त्यातील ‘आर्कएंजल’ या रचनेचा बेस भरभरून आला खरा, पण पावसासारखी ती बारीक तडतड, दूरवरून आल्यासारखे आवाज, लायटर पेटल्याची किंवा किल्ल्या वाजल्याची चाहूल हे सगळे मोठ्या खोलीत विरघळून गेले.

ज्यांनी घरच्या बैठकीत काहीच मत दिले नव्हते, त्या आमच्यातल्या परिचारिका ताईंनी सर्वांत नेमकी गोष्ट सांगितली. मागच्या बैठकीनंतर त्यांनी अल्बम फोनवर घेतला होता आणि रात्रपाळीवरून येताना एन १०९ क्रमांकाच्या बसमध्ये हेडफोनवर दोनदा ऐकला होता. त्या म्हणाल्या, “दादा, हे इथे सगळ्यांच्यात बसून ऐकायचे नाही. बसमध्ये मला किल्ल्या वाजल्या तेव्हा वाटले, माझ्याच पर्समध्ये वाजल्या. मी हात घालून पाहिले.”

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. डबस्टेपच्या ज्या नियमावर मी बोट ठेवून बसलो होतो, की हे संगीत मोठ्या यंत्रणेवरच ऐकावे, तो नियम या अल्बमने मोडला आहे. बेस इथेही आहे, पण सगळा डोलारा त्यावर उभा नाही. बाकीचे निर्माते खोलीत जमलेल्या माणसांसाठी रचना करीत होते. बेरिअलने तीच सामग्री घेऊन, खोलीतून बाहेर पडून एकट्याने घरी निघालेल्या माणसासाठी अल्बम केला. श्रोत्यांच्या प्रतिक्रियांमध्ये मला जी तफावत दिसते, तिचे मूळ आवडीनिवडीपेक्षा इथे अधिक असावे. यापुढे प्रत्येकाला ‘कसा वाटला’ याआधी ‘कुठे आणि कशावर ऐकला’ हे विचारायचे.

२ नोव्हेंबर

कामावरच्या एका सहकाऱ्याचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. हे गृहस्थ थॉर्नटन हीथला वाढले, आता पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर एम २५ महामार्गाच्या आसपासच्या शेतांत होणाऱ्या रेव्हना, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांना, जात असत. नाव न वापरण्याच्या अटीवर त्यांनी लेखी परवानगी दिली. डबस्टेप त्यांनी कधी ऐकले नव्हते, कारण ते येईपर्यंत त्यांचे लग्न झाले होते आणि मुले लहान होती.

त्यांच्या घरी, त्यांच्याच जुन्या पण उत्तम यंत्रावर, आम्ही सलग ऐकले. मध्ये त्यांनी एकदाही तोंड उघडले नाही. शेवटची ‘रेव्हर’ ही रचना संपल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की हे त्या रात्रींचे संगीत नाही. हे सकाळी सहा वाजता बसथांब्यावर उभे असताना कानात जे उरलेले असे, ते आहे. माझ्या मते हे वर्णन कोणत्याही समीक्षेपेक्षा अचूक आहे. मोठ्या आवाजात रात्र काढल्यावर कान काही काळ बधिर होतो, वरचे स्वर बोथट होतात आणि शिट्टीसारखा नाद उरतो. आमच्या व्यवसायात त्याला श्रवणाच्या उंबरठ्याची तात्पुरती घसरण म्हणतात. अल्बममधील गाण्यांचे तुकडे नेमके तसे, कापूस घातलेल्या कानाने ऐकल्यासारखे येतात.

त्यांनी १९९४ च्या कायद्याची आठवण काढली. क्रिमिनल जस्टिस ॲक्टने उघड्यावरच्या रेव्ह मोडून काढण्याचे अधिकार पोलिसांना दिले आणि त्यात संगीताची व्याख्या करताना एकापाठोपाठ येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचा उल्लेख केला. नाचण्याच्या ठोक्याची व्याख्या कायद्यात यावी, याचा संताप त्यांच्या आवाजात तीस वर्षांनीही होता. मी त्यांना सांगितले, की बेरिअल स्वतः त्या रेव्हना गेलेला नाही. तो लहान होता आणि थोरल्या भावाने घरी आणलेल्या कॅसेटांमधून व त्याच्याकडून ऐकलेल्या गोष्टींमधून त्याला ते जग कळले, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. यावर ते थक्क झाले. ज्याने ती पहाट पाहिली नाही, त्याने ती इतकी बरोबर कशी पकडली, हा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या आठवणीत राहून काम केले म्हणूनच तिच्या कडा धूसर राहिल्या, असे मला वाटते. पण हे माझे उत्तर मी लेखात त्यांच्या प्रश्नाला चिकटवणार नाही.

ध्वनिमुद्रणात एक दोष आहे. दिवाळी कालच झाली आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र तोंडावर आहे, त्यामुळे दक्षिण लंडनमध्ये या आठवड्यात संध्याकाळभर फटाके वाजत असतात. त्यांच्या मौनावर तीन बार स्पष्ट उमटले आहेत.

५ नोव्हेंबर

अल्बमला आज १७ वर्षे झाली. संध्याकाळी संहितेतील माहितीचा भाग लिहून काढला.

लेखात एवढे यायला हवे. पहिला, स्वतःच्याच नावाचा अल्बम २००६ मध्ये आला आणि ‘द वायर’ या मासिकाने त्याला वर्षातील सर्वोत्तम ठरवले. हायपरडब चालवणारे कोड-नाइन, म्हणजे स्टीव्ह गुडमन, यांनी निर्मात्याची ओळख जाहीर केली नव्हती. ‘अनट्रू’ २००८ च्या मर्क्युरी या ब्रिटिश अल्बम-पारितोषिकाच्या अंतिम यादीत आला तेव्हा वृत्तपत्रांना हा माणूस कोण, याचाच ध्यास लागला. एखाद्या नामवंत संगीतकाराने टोपणनाव घेतले असावे, असेही बोलले गेले. ‘द इंडिपेंडंट’ने त्या वर्षी फेब्रुवारीतच विल्यम बेव्हन हे नाव छापले होते, ऑगस्टमध्ये त्याने स्वतः एक छायाचित्र आणि चार ओळी प्रसिद्ध करून ते मान्य केले आणि आपल्याला फक्त संगीत करायचे आहे, एवढेच सांगितले. पारितोषिक एल्बो या बँडला मिळाले.

ओळखीच्या या प्रकरणाला मी दोन मिनिटांपेक्षा जास्त जागा देणार नाही. माझ्या एकाही श्रोत्याने ‘हा कोण’ असे अजून विचारलेले नाही.

१० नोव्हेंबर

पुण्याचा भाचा, वय वर्षे एकोणीस. त्याला अल्बम पाठवला होता. त्याचा पहिला निरोप असा : “मामा, चार गाणी झाली, ड्रॉप कधी येणार?” दुसरा निरोप त्यानंतर अर्ध्या तासाने : “फाइल करप्ट आहे का? सारखी तडतड येतेय.”

ही प्रतिक्रिया उडवून लावण्यासारखी नाही. त्याच्या पिढीला डबस्टेप हा शब्द मिळाला तो स्क्रिलेक्स या अमेरिकी निर्मात्याकडून. त्याचे ‘स्केअरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ २०१० मध्ये आले, २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी मिळाले, आणि जगभर डबस्टेप म्हणजे ताण चढवत नेऊन मग गुरगुरणाऱ्या मधल्या पट्टीतील आवाजाचा कडेलोट, म्हणजेच भाच्याचा ‘ड्रॉप’, असे समीकरण झाले. हा मधल्या पट्टीतला आवाज फोनच्या स्पीकरवरही उत्तम वाजतो, हे त्याच्या प्रसाराचे एक साधे तांत्रिक कारण आहे. त्या कानाने ‘अनट्रू’ ऐकणे म्हणजे जिना चढत राहणे आणि गच्ची न येणे. मी त्याला काहीही समजावले नाही. फक्त हेडफोन लावून, रात्री, वसतिगृहातले दिवे गेल्यावर पुन्हा ऐकायला सांगितले.

१४ नोव्हेंबर

भाच्याचा निरोप : “मामा, आर्कएंजलमध्ये गातोय तो मुलगा आहे की मुलगी?” मी उत्तर दिले, की तो रे जे या अमेरिकी गायकाच्या ‘वन विश’ या गाण्याचा तुकडा आहे, बेरिअलने त्याची पट्टी वर-खाली ओढून, अक्षरे नव्याने जोडून, वेगळेच वाक्य तयार केले आहे. त्याने लगेच मूळ गाणे ऐकले आणि त्याला ते अगदीच सामान्य वाटले. त्याने लिहिले, “मूळ गाण्यात तो मुलीला परत बोलावतोय. इथे कुणाला बोलावतोय तेच कळत नाही.” ही ओळ लेखात जाईल. त्याला अल्बम आवडला का, हे मी विचारले, उत्तर आले, “अजून माहीत नाही.” तेही जाईल.

१७ नोव्हेंबर

मिरजेला माझे तबल्याचे गुरुजी आहेत, वय ७८. त्यांच्या शिष्याच्या घरच्या चांगल्या स्पीकरांवर त्यांनी पाच रचना ऐकल्या आणि नंतर आम्ही फोनवर तासभर बोललो. गुरुजींना यंत्रावर केलेले संगीत मुळात मान्य नाही, तरी त्यांनी मन लावून ऐकले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ठेक्याबद्दल ते म्हणाले, “अरे, हा मात्रेवर बोट ठेवत नाही. किंचित आधी, किंचित नंतर वाजवतो, पण सम चुकवत नाही. यंत्र असे वाजवत नाही. हा माणूस हाताने वाजवतो का?” मला अंगावर काटा आला. बेरिअलने मुलाखतींमध्ये सांगितले आहे, की त्याने ठोके चौकटीत आपोआप बसवून देणारे सिक्वेन्सर वापरले नाही. साउंड फोर्ज या साध्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहरींचे चित्र पाहत त्याने एकेक ठोका हाताने जागेवर ठेवला, आणि ते चित्र माशाच्या काट्यासारखे दिसले की ठोका चांगला जमला, असे तो मानतो. गुरुजींना यातले काही ठाऊक नव्हते. टू-स्टेप गराज या लंडनच्या आधीच्या नृत्यसंगीतातून आलेली ती लचक त्यांनी थेट कानाने ओळखली.

परंतु गायनाच्या बाबतीत त्यांचे मत कठोर आहे आणि ते मी जसेच्या तसे ठेवणार आहे. “एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणे आपल्याकडेही आहे, पण प्रत्येक वेळी तिला नवे काही सुचते. इथे ती ओळ अडकून पडली आहे. शब्द पुसले म्हणून भाव आपोआप खोल होत नाही.” मी प्रतिवाद करण्याचा प्रयत्न केला, की अडकून पडणे हाच इथला भाव असेल. त्यावर ते म्हणाले, “असेल. पण अडकलेल्या माणसाजवळ किती वेळ बसायचे, हे ऐकणारा ठरवतो.”

२३ नोव्हेंबर

आजची मुलाखत सर्वांत अवघड होती. हे गृहस्थ २००१ पासून फॉरवर्ड या डबस्टेपच्या सुरुवातीच्या नृत्यरात्रींना जात होते, आधी सोहोमध्ये आणि नंतर शोरडिचच्या प्लॅस्टिक पीपल या तळघरात, आणि बिग ॲपलमधून तबकड्या विकत घेत होते. माझ्या कामाबद्दल एका ओळखीतून त्यांना कळले आणि ते स्वतः बोलायला आले. त्यांना ‘अनट्रू’बद्दल राग आहे.

ते म्हणाले, की अल्बम सुंदर आहे हे त्यांना मान्य आहे आणि त्यांच्या घरी त्याची तबकडीही आहे. राग वेगळ्या कारणासाठी आहे. ज्यांनी या खोल्यांत कधी पाऊल टाकले नाही, त्या लेखकांना हा एक अल्बम सापडला आणि त्यांनी डबस्टेप म्हणजे पाऊस, रात्रीची बस, ओसाड शहर आणि विरह, असे ठरवून टाकले. प्रत्यक्षात त्या खोल्यांत हशा होता, घाम होता, माइकवर एमसी होते, आवडलेली तबकडी थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायला भाग पाडणारा आरडाओरडा होता. “आम्ही मजा करत होतो,” ते म्हणाले, “आणि त्यांनी आमच्या हयातीतच शोकसभा भरवली.” बेरिअलने कधी जाहीरपणे डीजे म्हणून वाजवले नाही, हेही त्यांनी बोलून दाखवले, त्यात आरोप नव्हता, पण दुःख होते.

इतिहासाबद्दल ते बरोबर आहेत, असे माझे मत आहे. मार्क फिशर यांच्यासारख्या ब्रिटिश संस्कृती-समीक्षकाने या संगीतात न आलेल्या भविष्याची भुतावळ ऐकली. ते वाचन प्रगल्भ आहे आणि मी स्वतः त्यातूनच या अल्बमकडे आलो. संगीत-समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, याला या शतकातील आजवरचा सर्वांत महत्त्वाचा इलेक्ट्रॉनिक अल्बम म्हटले. हे सगळे लेखन अल्बमला न्याय देते, पण ज्या नाचणाऱ्यांच्या खांद्यावर तो उभा आहे, ते त्यात धूसर होतात. तरीही हा दोष ध्वनिमुद्रिकेचा नाही. अल्बममध्ये ती गर्दी आहे. ती भिंतीपलीकडे आहे, एवढेच.

मी त्यांना सहकाऱ्याचे बसथांब्याचे वाक्य ऐकवले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “हो, पण बसथांब्यावर पोहोचायला आधी आत असावे लागते.” ही दोन वाक्ये लेखात शेजारी-शेजारी येतील, मध्ये माझे निवेदन न घालता.

१ डिसेंबर

परिचारिका ताईंनी एन १०९ मध्ये फोनवर स्वतःचे बोलणे मुद्रित करून पाठवले. नॉर्बरी ते थॉर्नटन हीथ पाँड, सुमारे सहा मिनिटे. त्यांनी ‘इन मॅकडोनाल्ड्स’ या लहानशा, ड्रम नसलेल्या रचनेविषयी सांगितले आहे. रात्रपाळी संपल्यावर कधी कधी त्या तशाच एका दुकानात चहा घेऊन बसतात. तिथे त्या वेळी जी माणसे असतात, त्यांच्यापैकी कोणालाच घरी जाण्याची घाई नसते. त्यांना ही रचना दुःखी वाटली नाही. त्यांना वाटले, की कोणीतरी त्या माणसांची दखल घेतली आहे.

‘इन मॅकडोनाल्ड्स’ मी किमान पन्नास वेळा ऐकली असेल आणि दर वेळी ती मला एकाकीपणाची रचना वाटली. यापुढे तशी वाटणार नाही.

८ डिसेंबर

संकलन पूर्ण केले. पहिल्या खर्ड्यात मी सहकाऱ्याचे मौन कापून टाकले होते, कारण त्यात फटाके होते. आज ते पूर्ववत केले, बारांसह, अकरा सेकंद. गुरुजींचा आक्षेप मधोमध ठेवला आहे. शेवटी ठेवला असता तर तो निकाल वाटला असता आणि सुरुवातीला ठेवला असता तर खोडून काढण्यासाठी मांडल्यासारखा दिसला असता. लेखाची लांबी ४३ मिनिटे झाली.

बैठकीच्या सूचनेत एक ओळ घातली : सभागृहात आपण लेख ऐकू, अल्बम नाही, अल्बम प्रत्येकाने घरी जाताना ऐकावा.

१४ डिसेंबर

बैठक झाली. डबस्टेपच्या जुन्या रात्री पाहिलेले गृहस्थही आले होते. मराठी न कळता त्यांनी मागच्या खुर्चीवर बसून सगळे ऐकले आणि स्वतःचा आवाज आला तेव्हा मान खाली घातली. चर्चेत बहुतेकांनी भाच्याचीच बाजू घेतली.

रात्री गुरुजींचा फोन आला. शिष्याने त्यांना लेख ऐकवला होता. ठेक्याबद्दलचे त्यांचे बोलणे मी बरोबर घेतले आहे, असे त्यांनी सांगितले, आणि २००६ चा पहिला अल्बम मागितला. उद्या पाठवतो.